एक्केचाळीस नंबरची स्लाइड

आमच्या घरात एक चेष्टा ठरलेली होती. कुणी काही गुपित सांगायला लागलं की दुसरा म्हणायचा, "हळू बोल, मायच्या कानावर गेलं तर जवळा बाजारात दवंडी फिरंल." मग सगळे हसायचे. मीच जास्त हसायचे. माझी जीभ लहानपणापासून तिखट, आणि माय काही उलटून बोलत नाही म्हटल्यावर तिच्यावरच जास्त चालायची.

जवळा बाजार म्हणजे मायचं माहेर. हिंगोलीहून एसटीनं फार लांब नाही, पण आमच्यासाठी ते गाव मी अकरा-बारा वर्षांची असताना बंद झालं. त्याआधी दर पंचमीला मामा मुराळी होऊन यायचा आणि आम्हाला घेऊन जायचा. मायला तो एकुलता भाऊ. तिच्या डाव्या हातावर, कोपराच्या खाली, त्याचं नाव गोंदलेलं होतं, निळंहिरवं, आणि खाली तीन टिपके. आणि मग एका वर्षी शाळा बुडू नये म्हणून माय आम्हाला न नेता एकटीच गेली, आणि पंचमीहून दोन दिवस आधीच परत आली. पुढच्या वर्षी मामा आला नाही. त्याच्या पुढच्या वर्षीही नाही.

कारण मला एवढंच माहीत होतं की माय काहीतरी बोलून बसली. माय परत आली त्या संध्याकाळी आतल्या खोलीतून बाबांचा आवाज ऐकला होता, "तूच बोलली असशील. तुझ्याशिवाय माहीत कुणाला होतं?" मायचा आवाज काही आला नाही. मी मनात ठरवून टाकलं की बायका माहेरी गेल्या की बडबडतात, तशी ही पण कुणाची तरी चहाडी करून आली आणि आमचा मामा घालवून बसली. पुढं कितीतरी वेळा मी तिला तोंडावर म्हटलंय, "तुझ्यामुळं आम्हाला मामाचं गाव नाही." ती म्हणायची, "व्हय बाई, माझ्यामुळंच." मामा वारला तेव्हा निरोप तिसऱ्या दिवशी आला. माय एकटी गेली आणि त्याच संध्याकाळी परतली. कुणी जेवायला थांब म्हटलं का, ते मी विचारलं नाही.

आता स्लाइडांचं सांगते.

बाबा कुष्ठरोग तंत्रज्ञ होते. म्हणजे गावोगाव जाऊन माणसांच्या अंगावरचे चट्टे तपासायचे, गोळ्या सुरू करायच्या, आणि पुरा डोस होईपर्यंत त्या माणसाच्या मागं लागायचं. लोक त्यांना चट्टेवाले साहेब म्हणायचे. आमचं हिंगोली तेव्हा परभणी जिल्ह्यातच होतं. फटफटीच्या मागं प्रोजेक्टरची पेटी बांधून ते साखऱ्याला, सेनगावला, नरसीला, कुठं कुठं जायचे. बाजाराचा दिवस गाठायचा, शाळेची खोली मागून घ्यायची, खिडक्यांना घोंगड्या लावून भर दुपारी अंधार करायचा आणि लोकांना स्लाइडा दाखवायच्या. हा चट्टा बघा. इथं पिसानं शिवलं तरी कळत नाही. सहा महिने गोळ्या खाल्ल्या, हा बघा तोच माणूस. महारोग म्हटलं की ताट-पाणी वेगळं करणाऱ्या लोकांपुढं त्यांनी ही कामं केली, त्याचा मला अभिमान होता आणि आजही आहे. स्लाइडा बहुतेक त्यांनीच काढलेल्या. ऑफिसचा कॅमेरा, रोल धुवायला मुंबईला जायचा, महिन्याभरानं डबीतून परत. त्यांचा एक नियम होता, चेहरा घ्यायचा नाही. "रोग दाखवायचा, रोगी नाही," असं ते कुणालाही ऐकवायचे.

ते निवृत्त झाल्यावर एकशे बेचाळीस स्लाइडा कपाटात पडून राहिल्या. मग कुठल्याशा प्रशिक्षण केंद्रातून विचारणा झाली की साहेब, तुमच्या स्लाइडा सीडीवर करून द्या, नव्या पोरांना शिकवायला उपयोगी पडतील. झालं. बाबांना पुन्हा नोकरी लागल्यासारखं झालं. मी गावातच कॉम्प्युटर क्लासात शिकवत होते, सासरपासून माहेर चालत दहा मिनिटं, त्यामुळं काम अर्थातच माझ्या गळ्यात.

साध्या स्कॅनरवर स्लाइड ठेवली तर नुसता काळा चौकोन येतो, हे पहिल्याच दिवशी कळलं. स्लाइडांचा वेगळा स्कॅनर आणायचा तर शहरात जाऊन विकत आणायचा, एवढं कोण करतंय? मग मी जुगाड केला. टेबलाचा खण काढून त्यात सीएफएल बल्ब बसवला, वर बोर्ड रंगवणाऱ्याकडून आणलेला पांढरा ॲक्रिलिकचा तुकडा. त्यावर स्लाइड. आणि वरून भावानं पुण्याहून पाठवलेला डिजिटल कॅमेरा, तो एका पाटाला गोल भोक पाडून त्यात उलटा बसवलेला, पाट विटांच्या चवडीवर. भोक पाडल्यावर मायनं पाहिलं.

"हा माझ्या लग्नातला पाट हाय," ती म्हणाली.

"मग आता तुझ्या लग्नातल्या पाटावर कॅमेरा बसला. मान वाढला की."

"तुमच्या बापलेकीचा मान तुमीच घ्या," असं म्हणून ती गेली, पण दुसऱ्या दिवशी तिनंच विटा घासून आणून दिल्या, घरात माती नको म्हणून.

लोडशेडिंगमुळं दुपारचे तीनेक तास मिळायचे. बाबा बाजूच्या खाटेवर. त्यांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकत आलेला, त्यामुळं स्क्रीनवरचं त्यांना धूसर दिसायचं, पण नंबर सांगितला की ते धडाधडा बोलायचे आणि मी टाइप करायचे. "सतरा? साखरा. शेतमजूर, पाठीवर तीन. बरा झाला, नंतर मोंढ्यात हमालीला लागला. अठरा? तांड्यावरची म्हातारी, पायाला जखम. चप्पल घालायचीच नाही, भांडलो तिच्याशी." बऱ्याच स्लाइडांवर बुरशीची जाळी आली होती. पाणी लावायचं नाही, रंगच सुटून येतो, म्हणून मी रबरी पंपानं फुंकर मारायचे आणि मऊ ब्रशनं झटकायचे.

स्लाइड उलटीसुलटी ठेवली जाऊ नये म्हणून बाबांनी प्रत्येकीच्या चौकटीवर एका कोपऱ्यात लाल नेलपॉलिशचा ठिपका दिला होता. ठिपका खाली डावीकडं आला की चित्र सरळ, आणि स्लाइडची चकचकीत बाजू आपल्याकडं. चाळीस स्लाइडा हा नियम बरोबर चालला.

एक्केचाळिसावीला ठिपका खाली डावीकडं ठेवला तर चकचकीत बाजू पलीकडं गेली आणि बिनचमकेची बाजू वर आली.

"बाबा, एक्केचाळीस?"

"हात. कोपराखालचा. बाई, वय तीस. औंढा तालुका."

"गाव?"

"औंढा तालुका लिही ना. पुढं चल."

ज्या माणसाला तांड्यावरच्या म्हातारीची चप्पल आठवते त्याला गाव आठवत नाही? मी फोटो काढून घेतला आणि कॉम्प्युटरवर मोठा केला. हातावरचा चट्टा अगदी स्पष्ट होता, फिका, कडा उठलेल्या. त्यावर पीस टेकवलेली बाबांची बोटं. आणि चट्ट्याच्या खाली गोंदण. अक्षरं होती, पण कुठल्या भाषेतली ते कळेना. मला वाटलं बाबांनी ठिपका चुकून भलत्या बाजूला दिला. मी फोटो आडवा उलटवला, आणि अक्षरं सरळ झाली.

मामाचं नाव होतं. खाली तीन टिपके.

मायला हा रोग झाला होता, आणि मला, पोटच्या पोरीला, ते अठरा इंची मॉनिटरवर कळलं. इतकी वर्षं ती मनगटापर्यंतच्या बाहीचं झंपर का घालते असं मी विचारलं होतं आणि ती ऊन लागतं म्हणाली होती. मेच्या महिन्यात, घरात बसून.

माय स्वयंपाकघरात तूर निवडत होती. मी खाटेजवळ गेले आणि आवाज दाबून म्हटलं, "हा मायचा हात आहे."

बाबांनी नाही म्हटलं नाही. चहाचा कप घेताना तिच्या हातावर त्यांनाच तो दिसला होता म्हणे. सहा महिने गोळ्या दिल्या, पूर्ण बरी झाली, मुलांना नाही, शेजाऱ्यापाजाऱ्यांना नाही, कुणाला पत्ता लागू दिला नाही. "पण असा चट्टा पुस्तकात पण नव्हता. कडा बघ त्याच्या. सगळ्या स्लाइडांत हीच चांगली आलेली."

"तिला विचारलं होतं?"

"विचारलं की. ती म्हणली, तोंड घेऊ नका. नाही घेतलं."

"आणि हातावरचं नाव? तोंडापेक्षा नाव मोठं नाही?"

"नाव रोल धुऊन आल्यावर दिसलं," बाबा म्हणाले. मग त्यांच्या चेहऱ्यावर थोडं हसू आलं, काम जमल्यावर येतं तसं. "म्हणून तर ठिपका मुद्दाम उलट्या बाजूला दिला. पडद्यावर अक्षरं उलटी यायची. वाचा म्हणावं कुणी. इतक्या गावांत दाखवली, एकालाही वाचता आलं नाही."

"जवळ्यात पण दाखवली?"

"दाखवली. पंचमीच्या वेळचा बाजार होता. सगळीकडं दाखवायची आणि सासुरवाडीत लपवायची, हे बराबर आहे का?"

"मग मामाकडं कळलं कसं?"

"तुझ्या मायनं सांगितलं असणार. दुसरं कोण? माहेरी गेली की बाईच्या पोटात राहत नाही."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. एक तर तिचा हात गावोगाव फिरवला, आणि वर तिचंच तोंड वाईट. करून सवरून नामानिराळे. पण मी त्यांचीच मुलगी, मलाही सगळं तपासून घ्यायची खोड. मी विचारलं, "शाळेत पडदा कुठं लावला होता?"

"कुठं म्हणजे? भिंत ओलीनं काळी पडलेली, म्हणून खोलीच्या मधोमध दोरीवर धोतर टाकलं होतं. गर्दी बी फार. एकीकडं गडीमाणसं, पलीकडं बायका. बायका कुठं गड्यांत बसतात? धोतर पाण्यानं ओलं केलं की चित्र पलीकडूनही तितकंच..."

ते तिथंच थांबले.

मला त्यांच्या चेहऱ्याकडं बघवेना. पडद्याच्या अलीकडून जे उलटं दिसतं ते पलीकडून सरळ दिसतं. पुरुषांच्या बाजूला त्यांनी अक्षरं उलटी केली होती, आणि म्हणून बायकांच्या बाजूला ती अगदी सरळ, वाचता येतील अशी गेली होती. ठिपका नेहमीसारखा दिला असता तर बायकांकडून अक्षरं उलटी आली असती. एकशे बेचाळीस स्लाइडांत एकच त्यांनी जपून, विचार करून उलटी केली, आणि तीच.

"पण तेवढ्यात कोण वाचतंय," बाबा हळू म्हणाले. "त्या बायकांना वाचता कुठं येत होतं?"

"वाचायला कशाला लागतं?" माय म्हणाली. ती दारात उभी होती, सूप हातात तसंच. कधीपासून ते माहीत नाही. "गोंदणारीण एकच होती आमच्या गावाला. कुणाच्या हातावर काय हाय ते सगळ्या बायकायला ठाऊक. वरून एक शाळेतली पोरगी होती, तिनं मोठ्यानं वाचलं."

बाबा म्हणाले, "तुला कुणी सांगितलं?"

"सांगायचं काय? मी तिथंच होते."

मायनं सूप खाली ठेवलं. मी तिला इतकं बोलताना आधी पाहिलं नव्हतं आणि नंतरही नाही.

"तुमी म्हणले होते घरीच थांब. वहिनी म्हणली, तुमचे मालक आलेत, सारा गाव चाललाय, चला की. मला बी वाटलं बघावं. कधी पाह्यलं नव्हतं तुमचं काम. मी वहिनीच्या बाजूला बसले, पुढंच. तुमचा आवाज येत होता पलीकडून, चांगलं बोलून राहिले होते. अन् मग माझा हात आला. माणसायेवढा. पोरीनं नाव वाचलं तशा सगळ्या बाया माझ्याकडं बघाया लागल्या. मी पदर घेतला हातावर. वहिनी वीतभर बाजूला सरकली. बोलली काही न्हाई."

"संध्याकाळी मला पत्रावळीवर वाढलं. सगळ्यायला ताटं अन् मला पत्रावळ. दुसऱ्या दिवशी भाऊ म्हणला, चल, सोडून येतो. वाटंभर बोलला न्हाई. हिंगोलीच्या स्टँडवर माझी पिशवी त्यानं माझ्या हातात दिली न्हाई. खाली ठेवली अन् मागं सरला. मंग मी उचलली."

मला रडू आलं. माझंच मला इतकं वाईट वाटलं की काय सांगू. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो या बाईनं आमच्या घरात खाल्ला, आणि मारणाऱ्यात मी होते. ती तिकडून पिशवी उचलून आली आणि घरात पाय ठेवला तेव्हा आम्ही तिला काय म्हणालो होतो?

बाबांनी तेच विचारलं, जे मी विचारणार होते. "मग सांगितलं काहून नाहीस मला?"

"सांगणारच होते," माय म्हणाली. "आल्या आल्या एवढंच म्हणले की माहेरी कळलं, तर तुमी म्हणले, तूच बोलली असशील. मंग पुढं काय सांगायचं राह्यलं? पंधरा वर्षं झाली, एकदा बी विचारलं न्हाई तुमी, की त्या दिवशी तू कुठं बसली होती."

बाबांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. त्या चष्म्यानं त्यांना तसंही काही दिसत नव्हतं. थोड्या वेळानं मला म्हणाले, "काढून टाक ती स्लाइड. फोडून टाक."

"काहून फोडायची?" माय म्हणाली. "चांगली आली म्हणत होते ना? ऱ्हाऊ द्या. लोकायला दिसू द्या, असा असतो म्हणून." मग ती माझ्या खुर्चीमागं येऊन उभी राहिली. स्क्रीनवर तिचाच हात. "नाव पुसता येतं का गं यातून?"

"येतं."

"पूस मंग. भाऊ तर गेला. त्याचं नाव कशाला अजून फिरवायचं लोकायपुढं?"

मी म्हटलं, "त्यानं तुला पिशवी हातात दिली नाही, आणि तू त्याचं नाव झाकतेस?"

"माझा भाऊ हाय तो," ती म्हणाली. "तू पूस."

चट्ट्याच्या कडेची बरी कातडी उचलायची आणि अक्षरावर आणून ठेवायची, असं ते काम असतं. कणाकणानं. क्लासात पोरांना मी ते लग्नाच्या फोटोंवर शिकवायचे, कुणाच्या चेहऱ्यावरचा डाग काढ, कुणाच्या मागचा खांब काढ. मामाचं नाव चार अक्षरांचं. पहिलं अक्षर पुसताना माऊस दोनदा सुटला. माय मागं उभीच होती. दुसरं अक्षर गेलं तेव्हा तिनं खुर्चीची पाठ घट्ट धरली. मी विचारलं, थांबू का. ती म्हणाली नाही. शेवटच्या अक्षराची वेलांटी नीट जाईना, तीन वेळा करावी लागली. मग टिपके राहिले. ते पण काढू का म्हटलं तर म्हणाली, "काढ. ते बी त्याचेच."

सगळं गेल्यावर स्क्रीनवर नुसता एक हात उरला, चट्टा आणि पीस धरलेली बोटं. कुणाचाही असावा असा. माय वाकून जवळून बघत राहिली. तिनं आपल्या डाव्या हाताची बाही कोपरापर्यंत वर सारली आणि खऱ्या हातावरचं नाव तिथंच आहे ना ते पाहिलं. माझ्यासमोर तिनं बाही वर सारलेली मी कित्येक वर्षांत पाहिली नव्हती. चट्ट्याचा मागमूस नव्हता. बाबांच्या गोळ्यांनी काम चोख केलं होतं.

खाटेवरून बाबा म्हणाले, "माझं चुकलं."

त्यांच्या तोंडून हा शब्द मी तरी पहिल्यांदा ऐकला. मला वाटलं, आता माय म्हणेल, जाऊ द्या, झालं ते झालं. बायका म्हणतातच. बाबाही त्याचीच वाट बघत होते, मान तिच्या आवाजाच्या दिशेला करून.

"व्हय," माय म्हणाली. "चुकलं."

आणि बाही खाली ओढून ती तूर निवडायला गेली.